वीतभर खाली

१२ जुलै, शुक्रवार

नऊ नंबरच्या टापूत एक नर एल्क, घोड्याएवढं ते रानहरीण, मारायचा परवाना माझ्या नावावर निघाला. पत्र सकाळच्या टपालात आलं. तीस वर्षं गावचं साप्ताहिक चालवल्यावर छापील कागदावर एकदम विश्वास बसत नाही, म्हणून राजधानीतल्या वन्यजीव कचेरीला फोन लावला. तिथल्या बाईंनी नाव, जन्मतारीख आणि अर्जाचा आकडा वाचून दाखवला. "हो, तुम्हीच. अकराशे अर्जांतून सोडतीत चाळीस निघाले," त्या म्हणाल्या. मोसम दहा ऑक्टोबरला उघडतो.

नवरा, एमेट, ओसरीवर बसला होता. "अर्ज मी भरला होता. म्हणजे निम्मा एल्क माझा," तो म्हणाला.

"निम्म्या एल्कवाल्यानं आधी टपालपेटीपर्यंत चालून दाखवावं."

गेला. येताना कुंपणाला टेकून दोनदा थांबला. सव्वीस वर्षं चांदीच्या खाणीत काढली, ती धूळ आता छातीत घर करून आहे. पूर्वी डोंगर तो चढायचा आणि मी मागून यायचे. आता चढायची मीच.

एक गोष्ट आजच ठरवून टाकली. वडिलांची तीस-तीस काडतुसाची रायफल यंदा नेणार नाही. तिची गोळी लहान पडते.

१४ जुलै, रविवार

गेल्या वर्षाचं एकदाच आणि बातमीसारखं लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

डोंगराच्या टामरॅक धारेवर एल्क साठ पावलांवर आडवा उभा होता. मी खांद्यामागे नेम धरला. गोळी पुढच्या पायावर बसली. दोन दिवस रक्ताचा माग काढला, तिसऱ्या दिवशी पावसात माग धुऊन गेला. खाली आले आणि परवाना कात्रीनं कापला. आमच्याकडचा हा जुना रिवाज आहे: रक्त सांडलं की परवाना संपला, मांस हाती येवो न येवो. कायदा तसं सांगत नाही, पण माझ्या वडिलांनी दोनदा कापला होता.

अकरा दिवसांनी नोरीनला कावळे घिरट्या घालताना दिसले. नोरीन माझी जाऊ, एमेटच्या थोरल्या भावाची विधवा. तिची खेचरं त्या बाजूला चरतात. माझ्या स्वयंपाकघरात येऊन तिनं उभ्याउभ्याच सांगितलं, "पुढचा पाय, गुडघ्याच्या जरा वर. वीतभर वर लागली असती तर जागीच होता."

"गोळी मोठी असती तर पायावर लागूनही पडला असता," मी म्हणाले.

नोरीननं उरलेली कॉफी संपवली. कप विसळून ठेवला आणि गेली.

पुन्हा एक जनावर तसं मरायला सोडलं, तर मी बंदूक कायमची खाली ठेवणार आहे. हे एमेटला सांगितलेलं नाही.

२० जुलै, शनिवार

ऑर्व्हिलच्या दुकानात गेले. खिळे, रंग, गमबूट आणि बंदुका, सगळं एकाच छपराखाली. त्यानं भिंतीवरून चारशे चव्वेचाळीस काडतुसाची, खालची लिव्हर ओढून भरायची रायफल काढून माझ्या हातात दिली.

"लोर्ना, ही घे आणि गेलं वर्ष विसर. दीडशे पावलांवरसुद्धा सरळ जाते. तुझ्या बापाची ती तीस-तीस हिच्यापुढे म्हणजे बेचकी."

"आणि पंचेचाळीस-सत्तर?"

"ते घोडदळाच्या जमान्यातलं काडतूस! गोळी इतकी सावकाश जाते की एल्क बाजूला होऊन आधी तुला वाट देईल."

दुकानात गिऱ्हाईक असलं की ऑर्व्हिलला चेव चढतो. तिघं होते. एकानं विचारलं, "कापलेला परवाना शिजवायला किती वेळ लागतो हो बाई?" मी म्हणाले, "तुझ्या मागच्या वर्षीच्या हरणापेक्षा कमी. ते अजून चावतोयस असं तुझी बायको सांगत होती." हशा पिकला. पण घरी येईपर्यंत कान गरम होते.

ऑर्व्हिल रायफल मोसम उघडेपर्यंत वापरायला देतोय. पटली तर घ्यायची.

३ ऑगस्ट, शनिवार

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय मजकूर छापायचा नाही, ही माझी सवय. म्हणून नोरीनकडून तिच्या नवऱ्याची पंचेचाळीस-सत्तर आणली. जड आहे. दस्त्याला त्याच्या गालाची झिलई अजून तशीच आहे. काडतूस माझ्या मधल्या बोटाएवढं, गोळी जवळजवळ करंगळीएवढी जाड.

संध्याकाळी एमेटनं दोन्ही काडतुसं जेवणाच्या टेबलावर उभी केली, मिठाच्या आणि मिऱ्याच्या डबीसारखी.

"ही चारशे चव्वेचाळीस वेगानं जाते, पण हिची गोळी पिस्तुलाची. कवच पातळ. बरगडीतून जाईल, खांद्याच्या हाडावर बसली तर फुटायची. ही दुसरी सावकाश जाते, दूरवर खालीही पडते. पण जिथे शिरते तिथून पलीकडे निघते."

"मग हीच?"

"मी कुठे म्हटलं? धक्का दोन्हींचा खेचराच्या लाथेसारखा. आधी उडवून बघ."

११ ऑगस्ट, रविवार

खडीच्या खाणीवर गेलो. साठ पावलं, कागदी निशाण, वाळूच्या पोत्यावर टेका. एमेट दुर्बीण घेऊन गाडीच्या पायरीवर बसला.

चारशे चव्वेचाळीस: पाच बार, पाचही उजवीकडे आणि वीतभर खाली.
पंचेचाळीस-सत्तर, दुकानातली जोरदार काडतुसं: पाच बार, चार उजवीकडे खाली, एक कागदाबाहेर.

दोन वेगळ्या बंदुका आणि चूक एकच. त्यावरून मी निष्कर्ष काढला की पोतं सैल आहे. एमेटनं पोतं दाबून पाहिलं आणि म्हणाला, "असेल."

खांदा काळानिळा झालाय. भुवईवरची जुनी खूणही ठणकते आहे. तीन वर्षांपूर्वी एमेटची अस्वलाची रायफल उडवताना तिची दुर्बीण कपाळावर आदळली होती, तेव्हा चार टाके पडले. त्याचा इथे संबंध नाही. या दोन्ही बंदुकांना दुर्बीण नाहीच.

१८ ऑगस्ट, रविवार

पोत्यात नवी वाळू भरली. तरी तेच. मग ऑर्व्हिलकडून चारशे चव्वेचाळीसची नेमाची मागची खाच उचलून जरा डावीकडे सरकवून घेतली, म्हणजे गोळ्या वर आणि डावीकडे जातील. गेल्या. पाचांतल्या तीन मधोमध बसल्या. मी खूश.

एमेट म्हणाला, "आण इकडे, एक मला दे." बसल्या बसल्या, खोकला दाबून, त्यानं तीन उडवल्या. तिन्ही डावीकडे आणि वीतभर वर, एकमेकींना खेटून.

"तुझा खोकला," मी म्हणाले.

"असेल," तो म्हणाला.

घरी येताना गाडीत विचारलं, "बार उडाला तेव्हा नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी कुठे होती?"

"कुठे म्हणजे? निशाणावर."

"दिसली?"

"बार उडताना कोणाला काय दिसतं एमेट!"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. हल्ली उत्तर मिळालं तरी त्याचं समाधान होत नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. ऑर्व्हिलकडे जाऊन म्हणाले की काडतूस बदलायचं असेल तर अजून मोठं काही आहे का.

"याहून मोठं? तू एल्क मारणार आहेस की आगगाडी थांबवणार आहेस?" मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, चारशे चव्वेचाळीस तुला बसलीय. घेऊन टाक."

घेणारच होते. पण रविवारपर्यंत थांब, असं एमेटनं निघताना सांगितलं होतं. का, ते सांगत नाही. या माणसाशी चौतीस वर्षं संसार केलाय. तो 'थांब' म्हणाला की मी चिडते आणि थांबते.

८ सप्टेंबर, रविवार

खाणीवर आम्ही दोघंच. पंचेचाळीस-सत्तर एमेटनं गाडीआड भरली. "तू फक्त नेम धर. भरून मी देतो."

पहिला बार. उजवीकडे खाली. लिव्हर ओढली, पुंगळी उडाली. दुसरा बार. तेच. तिसऱ्यांदा श्वास धरला, चाप दाबला.

टक्.

बार झालाच नाही. आणि नळी मात्र पोत्यावरून खाली गेली, चांगली वीतभर, उजवीकडे. माझा खांदा पुढे आला होता. डोळे मिटलेले होते. धक्का नव्हता, आवाज नव्हता, धूर नव्हता. मी एकटीच दचकले होते.

काडतूस बाहेर पडून खडीत वाजलं. उचललं. आत दारू नव्हती. एमेटनं आपल्या खोपटात बसून बनवलेलं खोटं काडतूस. पितळ चकचकीत नव्हतं, खूप दिवस खिशात वागवलेल्या नाण्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

"अजून दोन आहेत आत. कुठली ते सांगणार नाही," तो म्हणाला.

दोन्ही वेळा नळी खाली गेली.

परत आलो. फाटकापाशी तो म्हणाला, "तुझ्या कपाळावर ती दुर्बीण आपटली तेव्हापासून आहे हे. बंदूक माझी होती."

९ सप्टेंबर, सोमवार

गेल्या वर्षी गोळी लहान पडली नव्हती. ती खाली पडली होती.

चौदा जुलैला लिहिलेलं पान पुन्हा वाचलं. साप्ताहिकात कोणी असा मजकूर आणून दिला असता, तर मी परत पाठवला असता. सगळी माहिती त्यात आहे. फक्त मथळा खोटा आहे.

१० सप्टेंबर, मंगळवार

अंक छपाईला गेला. नोरीनला फोन केला आणि म्हणाले, "तुला तेव्हाच कळलं होतं."

"काय?"

"कप विसळलास तेव्हा."

पलीकडे तिनं खुर्ची ओढलेली ऐकू आली. मग म्हणाली, "मी विसळला, कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं. परवाना परत पाठवणार आहेस का?"

"नाही."

"मग मी खेचरं घेऊन येते. पण माझ्यासमोर डोळे मिटलेस तर खेचर तुला पाठीवर घेणार नाही, सांगून ठेवते."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

रोज संध्याकाळी जेवणाआधी स्वयंपाकघरात सराव. रिकामी रायफल. समोर कॅलेंडरवरचा कोंबडा. नळीच्या टोकाशी एमेट एक नाणं आडवं ठेवतो. चाप ओढल्यावर नाणं पडलं तर मोजायचं नाही. वीस वेळा.

पहिल्या दिवशी नाणं चौदा वेळा पडलं. काल नऊ. आज सहा.

"कोंबडा घाबरला," एमेट म्हणाला.

"गप्प बस. हसले की नाणं पडतं."

"एल्कही विनोद करणारच नाही असं थोडंच आहे."

२१ सप्टेंबर, शनिवार

काडतुसाचा निर्णय आज झाला. कारणं लिहून ठेवते.

चारशे चव्वेचाळीस परत केली. चांगली बंदूक आहे, ज्याला लांबून मारायचं आहे त्याच्यासाठी. पण टामरॅक धारेवर झाडी इतकी दाट आहे की शंभर पावलांपुढचं काही दिसतच नाही. न दिसणाऱ्या अंतरासाठी तो चाबकासारखा धक्का मी का सोसू? शिवाय एल्क तिरका उभा राहिला आणि गोळी खांद्याच्या हाडाला लागून फुटली, तर पुन्हा तेच दोन दिवस आणि तेच रक्त.

पंचेचाळीस-सत्तर ठेवली. मात्र दुकानातली जोरदार काडतुसं नाहीत. एमेट म्हणतो, घोडदळाच्या जमान्यात तिच्यात जेवढा जोर असायचा तेवढ्याच जोरावर रानगवे पडत होते. तीच जड, मऊ शिशाची, चपट्या टोकाची गोळी, दारू कमी. साठ पावलांवर एल्कच्या या बाजूनं शिरून त्या बाजूनं निघेल. धक्का निम्मा, आणि चाबकासारखा नाही, कोणी खांद्यावर हात ठेवून ढकलल्यासारखा.

मोठी बंदूक हवी होती, ती मिळाली. आता तिचा आवाज लहान करायचा.

ऑर्व्हिलला सांगितलं. "म्हातारीचं काडतूस!" तो म्हणाला.

"म्हातारीच आहे मी. पण गिऱ्हाईकही आहे, एवढं लक्षात ठेव."

२२ सप्टेंबर, रविवार

एमेट खोपटात काडतुसं भरायला बसला, तर मलाही बसवलं. पुंगळी पुसायची, तिच्या बुडाशी ठिणगीची टोपी बसवायची, तराजूवर दारू जोखायची, गोळी दाबायची. दर खेपेला मला करायला लावलं.

"अरे, तू आहेस ना भरायला? मला मंगळवारचा अंक लावायचाय."

"एकदा शीक. हाताला वळण लागलं की विसरत नाहीस."

माप एका जाड कार्डावर लिहून त्यानं भिंतीवर ठोकलं. अक्षरं एवढी मोठी की लांबूनही वाचता यावीत. मी म्हणाले, "तुला चष्मा बदलायला हवाय." तो हसला आणि खोकला. खोकला बराच वेळ चालला. स्पोकेन शहरातल्या डॉक्टरांकडून आलेलं पाकीट दारूच्या डब्याखाली होतं, फोडलेलं. तपासणीची पुढची तारीख असेल. विचारलं तर म्हणाला, "मोसम संपल्यावर बघू."

दुपारभर मिळून चाळीस काडतुसं झाली. त्यांतली बावीस माझ्या हातची.

२९ सप्टेंबर, रविवार

नोरीन खाणीवर आली. तिनं भरायचं, मी उडवायचं, खोटी काडतुसं मधूनमधून. एमेट दुर्बीण घेऊन बसला.

दहांत चार खोटी. त्या चारांपैकी तीन वेळा नळी जागची हलली नाही. चौथ्या वेळी किंचित हलली. खऱ्या सहा गोळ्यांतल्या पाच माझ्या तळहाताखाली झाकल्या जातात. सहावी दोन बोटं खाली.

आणि एकदा, पाचव्या बाराला, ती दिसली. माशी. काळी, निशाणाच्या मधोमध, आणि मग तिच्यामागून नारिंगी झगझगाट. म्हणजे डोळा उघडा होता. मी एमेटकडे वळून ओरडले, "दिसली!"

त्यानं दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. नोरीन त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. दोघांना कागद पाहायची घाई नव्हती असं दिसलं. मीच चालत गेले.

६ ऑक्टोबर, रविवार

नियम ठरवले. साठ पावलांपुढे नाही. चालत्या जनावरावर नाही. टेका मिळाला नाही तर नाही. माशी दिसत नसेल तर चाप नाही. यातलं एकही जुळलं नाही तर एल्कला जाऊ द्यायचं आणि परवाना न कापता घरी आणायचा. कोरा परवाना घेऊन येणं हा या गावात विनोद होतो. होऊ दे. मथळे मी लावते.

आज शेवटचा सराव. नाणं वीसपैकी वीस वेळा राहिलं. एमेटनं ते माझ्या जाकिटाच्या खिशात टाकलं. दुसऱ्या खिशात ते गुळगुळीत खोटं काडतूसही टाकत होता. मी त्याचा हात धरला.

"हे कशाला? चुकून भरलं तर?"

"बरोबर बोललीस," तो म्हणाला आणि परत आपल्याच खिशात ठेवलं. "माझ्याकडे असू दे. सवय झालीय."

९ ऑक्टोबर, बुधवार

अंक काल रात्रीऐवजी काल दुपारीच पूर्ण केला. आज छापून आला. पहिल्या पानावर शाळेच्या छपराची बातमी, माझी नाही.

चार वाजता वन्यजीव कचेरीला पुन्हा फोन केला. टापू उघडा आहे, वणव्यामुळे काही बंद नाही. हवामान खात्याच्या माणसानं सांगितलं की पहाटे पारा गोठणबिंदूखाली जाईल, वारा पश्चिमेचा आणि मंद असेल. म्हणजे पूर्वेच्या वाटेनं चढायचं. नोरीननं काल धारेखालच्या ओल्या कुरणात ताज्या लेंड्या पाहिल्या आणि एक मोठा नर शीळ घालताना ऐकला. त्याच बाजूला, जिथे गेल्या वर्षी मी उभी होते.

सात काडतुसं घेतली. पाच रायफलीत, दोन खिशात. सगळी माझ्या हातची. एमेटनं एकेक उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "एवढी कशाला? तुला एकच लागणार."

जेवताना विचारलं, उद्या दिवसभर एकटा काय करशील.

"मोजेन. धारेवरचा आवाज ओढ्यावरून सरळ ओसरीपर्यंत येतो. एक बार ऐकू आला तर मांस. दोन आले तर कदाचित. तीन आले तर भाजी निवडायला घेतो."

"आणि एकही आला नाही तर?"

त्यानं जरा विचार केला. "मग समजेन की माशी दिसली नाही, आणि तू उडवली नाहीस. मोठं पातेलं तरीही चुलीवर ठेवीन. बटाटे तरी उकडू."

नोरीन खेचरं घेऊन पहाटे चारला फाटकाशी येईल. सहापर्यंत आम्ही कुरणाच्या वरच्या टोकाला असू. सातच्या सुमारास नेम धरण्याइतकं उजाडेल. तेव्हापासून एमेट ओसरीवर घोंगडी पांघरून बसलेला असेल, धारेकडे कान लावून.